मेट्रो आली, पण घरापासून स्टेशनापर्यंत जायचं कसं?

३१ मे २०२५ रोजी, अहिल्यादेवींच्या तीनशेव्या जयंतीच्या दिवशी, इंदूरची मेट्रो सुरू झाली. गांधी नगर ते सुपर कॉरिडॉर, साधारण सहा किलोमीटर, पाच स्टेशनं, पाचही स्टेशनांना कर्तबगार स्त्रियांची नावं. पहिला आठवडा प्रवास फुकट होता, तेव्हा लोक पोराबाळांना घेऊन जाऊन आले. तिकीट लागू झालं आणि गर्दी ओसरली. त्याच वर्षी फेब्रुवारीत उच्च न्यायालयाने बीआरटीएसची मार्गिका काढायला सांगितलं. निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, साडेअकरा किलोमीटर, २०१३ पासून आयबस या शहरबससेवेसाठी राखून ठेवलेली वाट. म्हणजे एकीकडे नवी गाडी आली आणि दुसरीकडे जुन्या गाडीची हक्काची वाट गेली. तेव्हापासून चार माणसं जमली की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात: "मेट्रो आपल्या काय कामाची?" आणि "बस आपल्या घराजवळून जातच नाही."

दोन्ही वाक्यांत तथ्य आहे आणि दोन्हींचं मूळ एकच आहे. त्यावरचा एक उपाय स्वस्त आहे, बहुतेकांच्या जिन्याखाली धूळ खात उभा आहे, आणि आपल्याकडे त्याचा विचार फार कमी होतो: घरापासून स्टॉपपर्यंत सायकल, पुढे बस, लोकल किंवा मेट्रो.

अडचण गाडीत नाही, दोन्ही टोकांना आहे

गणपतीतल्या महाप्रसादाची पंगत आठवा. आत स्वयंपाक झकास झालाय, वरण-भात उतू जातोय, पण वाढपी दोनच. मग पानं कोरडी राहतात आणि लोक म्हणतात, जेवणाची सोय नीट नव्हती. सार्वजनिक वाहतुकीचं नेमकं हेच होतं. मुख्य मार्गावर गाडी चांगली असते, पण घरापासून स्टॉपपर्यंत आणि उतरल्यावर ऑफिसपर्यंत पोचवणारं कोणी नसतं. या दोन तुकड्यांना वाहतूक नियोजनात पहिला आणि शेवटचा टप्पा म्हणतात. मी पुढे नुसतं 'टोक' म्हणेन.

सुदामा नगरातून विजय नगरला जाणाऱ्या माणसाचा वेळ चालत्या बसमध्ये फारसा वाया जात नाही. तो जातो स्टॉपपर्यंत चालण्यात, मॅजिकची, म्हणजे सवाऱ्या भरून धावणाऱ्या छोट्या व्हॅनची, वाट पाहण्यात, मॅजिक भरेपर्यंत आत बसून राहण्यात आणि उतरल्यावर पुन्हा रिक्षा शोधण्यात. भाडंही तिथेच वाढतं. बसचं तिकीट थोडं, पण दोन्ही टोकांच्या रिक्षा धरल्या की माणूस स्कूटीची किल्ली उचलतो.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या मेट्रो धोरणात यावर स्पष्ट अट आहे. मेट्रोचा प्रस्ताव मांडतानाच राज्याने प्रत्येक स्टेशनाभोवतीच्या किमान पाच किलोमीटर परिसरातून लोक स्टेशनापर्यंत कसे येणार, त्याची सोय दाखवायची. त्यात स्टेशनापर्यंत आणून सोडणारी जोडबसही आली, पायवाटही आणि सायकलही. म्हणजे सायकल ही कोणा शौकिनाची मागणी नाही, मेट्रोच्या कागदांतच ती बसलेली आहे. आपल्या मेट्रोवरचा बहुतेक वाद मात्र ती राजवाड्याजवळ जमिनीखालून न्यायची की वरून, याभोवतीच फिरला. तो वाद महत्त्वाचाच आहे, पण स्टेशनाबाहेरच्या दोन किलोमीटरवर त्याच्या निम्मीही चर्चा झालेली मला आठवत नाही.

दहा मिनिटांत किती लांब जाता येतं?

स्टॉपपर्यंत पोचायला माणूस दहा मिनिटं आनंदाने देतो. त्याहून जास्त लागलं की कुरकुर सुरू होते. या दहा मिनिटांत चालत साधारण ८०० मीटर होतात. सायकलवर, अगदी सावकाश म्हणजे ताशी १२ किलोमीटरने, दोन किलोमीटर होतात.

अडीच पट अंतर, एवढाच फरक दिसतो. पण स्टॉपला माणसं एका दिशेने येत नाहीत, चहूबाजूंनी येतात. ८०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात सुमारे दोन चौरस किलोमीटर वस्ती बसते. दोन किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात साडेबारा. त्याच स्टॉपचा, त्याच बसचा आवाका सहापट झाला. रस्ते सरळ नसतात, वाटेत नाला येतो, रेल्वेचा रूळ येतो, हे खरं. पण ते चालणाऱ्यालाही येतात आणि सायकलवाल्यालाही, म्हणून सहापटीचं प्रमाण फारसं हलत नाही.

मोठा आवाका म्हणजे निवडही आली. चालत जाणाऱ्याला जवळचा स्टॉप घ्यावाच लागतो, मग तिथे बस पाऊण तासाने का येईना. सायकलवाला तो स्टॉप सोडून दीड किलोमीटर पुढच्या मोठ्या चौराह्यावर जातो, जिथून थेट बस मिळते. दोन बस बदलायच्या त्याऐवजी एक. रोजच्या प्रवासात गाडी बदलण्याइतकं कंटाळवाणं काही नाही, कारण पहिली उशिरा आली की दुसरी चुकते. सायकल ही अनिश्चितताच काढून टाकते. तिची वाट पाहावी लागत नाही.

लोकमान्य नगर आणि राजेंद्र नगरच्या लोकांना हे वेगळ्या प्रकारे कळेल. इंदूर–महू रेल्वेमार्गावर या दोन्ही वस्त्यांना स्वतःचं स्टेशन आहे. पलीकडच्या कॉलनीतला माणूस मात्र ते स्टेशन आपलं मानत नाही, कारण चालत जायला लांब पडतं. सायकलने ते दहा मिनिटांवर येतं.

सायकलवाल्यामुळे बस कशी सुधारते?

हा भाग बोलण्यात कधी येत नाही, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

प्रत्येक कॉलनीची मागणी असते की बस आमच्या गल्लीवरून न्या. नगरसेवक ती मागणी पुढे रेटतात. मार्ग वळणं घेत जातो. समजा एका मार्गावर सहा बस आहेत. मार्ग सरळ असेल आणि जाऊन-येऊन एक तास लागत असेल, तर स्टॉपवर दर दहा मिनिटांनी बस येईल. तोच मार्ग चार कॉलन्यांतून फिरवला आणि फेरी दीड तासाची झाली, तर त्याच सहा बस दर पंधरा मिनिटांनी येतील. बस वाढल्या नाहीत, कमी झाल्या नाहीत, चालक तेवढेच, डिझेल उलट जास्त जळलं, आणि लोक म्हणू लागले की बस वेळेवर मिळत नाही. बस दाराशी आली, पण उशिरा आणि रखडत.

काही प्रवासी दोन किलोमीटर सायकलने मुख्य रस्त्यावर यायला तयार झाले की बसला सरळ धावता येतं. सरळ धावणारी बस लवकर परत येते, म्हणून वारंवार येते. त्याचा फायदा सायकल न चालवणाऱ्यालाही होतो. गुडघे दुखणाऱ्या आजींना सायकलचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी कॉलनीतून फिरणारी छोटी गाडी हवीच, आणि ती स्वतंत्र ठेवावी. मोठ्या बसला तिच्या कामाला जुंपू नये.

दोन टोकं सारखी नसतात

आता अवघड मुद्दा. सकाळी घरून सायकल काढली, स्टॉपवर लावली, बसमध्ये बसलो. उतरल्यावर सायकल कुठे? मागे राहिली. ऑफिसकडच्या टोकाला आपण पुन्हा पायी.

म्हणूनच घराकडच्या टोकाचा उपाय ऑफिसकडच्या टोकाला चालत नाही. घराकडे स्वतःची सायकल आणि ती लावायला सुरक्षित जागा, एवढं पुरतं. ऑफिस बाजारपेठेत, राजवाड्याजवळ किंवा पलासियाला असेल तर उतरल्यावर पाच मिनिटं चालून भागतं. खरी पंचाईत सुपर कॉरिडॉरसारख्या भागात होते. तिथे टीसीएस आणि इन्फोसिसचे विस्तीर्ण परिसर आहेत. फाटकापर्यंत पोचलं तरी आत इमारतीपर्यंत आणखी चालायचं, आणि बाहेर रुंद रस्ता, वाहनांचा वेग आणि उघडं ऊन.

तिथे तीन वाटा आहेत. पहिली, भाड्याची सायकल: स्टेशनावर घ्यायची, ऑफिसपाशी सोडायची. नेदरलँड्समध्ये रेल्वेच स्वतः स्टेशनावर भाड्याच्या सायकली देते, आणि उतरणाऱ्या प्रवाशासाठीच ती सेवा उभी राहिली आहे. दुसरी वाट घडीच्या सायकलची, तिच्याबद्दल पुढे. तिसरी सगळ्यात साधी: घरातली जुनी सायकल ऑफिसकडच्या स्टेशनावर कायम ठेवायची. रात्री ती तिथेच राहील, म्हणजे रात्रीचा पहारा हवा. युरोपात हे सर्रास चालतं. आपल्याकडे ही कल्पना ऐकून लोक दचकतात, पण जुनी सायकल दुरुस्त करून घेण्याचा खर्च काही महिन्यांच्या रिक्षाभाड्यापेक्षा कमीच भरेल.

मी कंपन्यांना आणखी एक सुचवेन. कर्मचाऱ्यांसाठी बस लावता, गाड्या लावता. त्यातल्या थोड्या पैशांत स्टेशनाबाहेर कंपनीच्या पन्नास सायकली ठेवता येतील, ओळखपत्र दाखवून घ्या आणि फाटकावर जमा करा.

सायकल गाडीतच नेली तर?

सगळ्यांच्या मनात आधी हेच येतं, आणि काही ठिकाणी परवानगीही आहे. कोची मेट्रोने नोव्हेंबर २०२० मध्ये सायकल आत घेऊ दिली. नागपूर मेट्रोतही सायकल नेता येते. बंगळूरने २०२२ पासून घडीच्या सायकलींना मुभा दिली, वजन १५ किलोच्या आत आणि ठरावीक मापात बसणाऱ्या. रेल्वेत मात्र पूर्ण सायकल डब्यात घेता येत नाही, ती सामानाच्या डब्यासाठी नोंदवावी लागते.

अडचण जागेची आहे. उभी सायकल सुमारे एक चौरस मीटर जागा अडवते. गर्दीच्या वेळी तेवढ्यात पाच-सहा माणसं उभी राहतात. आज आपली मेट्रो रिकामी धावते म्हणून हे जाणवणार नाही, पण ती भरावी हीच तर इच्छा आहे, आणि भरली की पहिली कुरबुर सायकलवरून होईल. सायकलींचा देश म्हणून ज्याचं नाव घेतात त्या नेदरलँड्समध्येही सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत पूर्ण सायकल गाडीत नेता येत नाही. त्यांनी जोर दिला तो स्टँडवर. उट्रेख्ट स्टेशनाखालचा, २०१९ मध्ये पूर्ण झालेला स्टँड १२,५०० सायकलींचा आहे.

घडीची सायकल गर्दीतही चालते, कारण घडी घातली की ती मोठ्या बॅगेएवढी होते. पण ती महाग असते, चाकं लहान असतात आणि दहा-बारा किलो वजन जिन्यावरून उचलायचं असतं. ज्यांना झेपते त्यांनी जरूर घ्यावी. शहराची व्यवस्था तिच्यावर उभी करता येणार नाही.

स्टँड म्हणजे नुसती मोकळी जागा नव्हे

सगळं येऊन थांबतं ते इथे. सकाळी लावलेली सायकल संध्याकाळी तिथेच सापडेल, एवढा भरवसा असला तर लोक येतील. नसला तर बाकीचं सगळं फुकट.

आपल्याकडे दिसणारे बहुतेक नवे स्टँड पुढचं चाक अडकवायचे असतात: जमिनीलगत लोखंडी पट्ट्यांची खाच, त्यात चाक घालायचं. दिसायला नीटनेटकं, वापरायला वाईट. शेजारच्याचा धक्का लागला की सायकल कलते आणि तिचा सगळा भार चाकावर येऊन रिम वाकते. कुलूप लावायचं तर तेही चाकालाच. चाक सोडवून बाकीची सायकल न्यायला पाना पुरतो. आपलं नेहमीचं मागच्या चाकाचं कुलूपही चाक फिरू देत नाही एवढंच. सायकल उचलून टेम्पोत टाकणाऱ्याला ते थांबवत नाही.

चांगला स्टँड याहून साधा आहे. जाड पाइप उलट्या 'यू'सारखा वाकवायचा, दोन्ही पाय काँक्रीटमध्ये पुरायचे, उंची साधारण कमरेच्या थोडी खाली. सायकल त्याला टेकवून उभी करायची, साखळी पाइप, सायकलचा सांगाडा आणि मागचं चाक या तिन्हींतून घ्यायची. एका पाइपला दोन्ही बाजूंनी दोन सायकली. दोन पाइपांत मीटरभर अंतर ठेवलं की हँडल एकमेकांत गुंतत नाहीत. कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याला दोन दिवसांत जमेल असं हे काम आहे. एका मोटारीच्या जागेत अशा दहा सायकली सहज मावतात.

वर छप्पर हवं, कारण चार महिने भिजलेली साखळी गंजते. रात्री दिवा हवा. आणि स्टँड स्टेशनाच्या दाराशी हवा, मागच्या मैदानात नको. दाराशी येणाऱ्या-जाणाऱ्यांची नजर असते, चहावाला असतो. मागच्या बाजूला ठेवलेला स्टँड आठवड्यात ओस पडतो आणि मग अधिकारी म्हणतात, बघा, लोकांना नकोच आहे.

पण पाइपापेक्षा माणसाचा भरवसा जास्त. रेल्वे स्टेशनाबाहेरच्या जुन्या पद्धतीच्या स्टँडवर रखवालदार चिठ्ठी फाडतो, अर्धी तुमच्या हातात, अर्धी ब्रेकच्या तारेत खोचतो. दोन-चार दिवसांत तो तुम्हाला चेहऱ्याने ओळखू लागतो, आणि तुमच्या सायकलला दुसऱ्याने हात लावला की लांबूनच ओरडतो. ही व्यवस्था आपल्याला ठाऊक आहे, परवडते, आणि त्यात एका माणसाला रोजगारही मिळतो. मेट्रो आणि बसच्या मोठ्या स्टॉपांवर हीच हवी. मासिक पासात स्टँडचे पैसे धरून टाकले तर रोज सुटे मोजायलाही नकोत.

घाम, ऊन, पाऊस

"घामाघूम होऊन ऑफिसला कसं जायचं?" रास्त प्रश्न. घाम अंतरापेक्षा वेगाने जास्त येतो. ताशी बारा किलोमीटरला लागणारी मेहनत भरभर चालण्याएवढीच असते. वेग वीसच्या वर नेला की बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते आणि शर्ट भिजतो. शिवाय चालत्या सायकलवर वारा लागतो, घाम फुटतो तो थांबल्यावर. म्हणून शेवटची दोन मिनिटं आणखी हळू चालवायची, आणि बॅग पाठीवर न घेता मागच्या कॅरिअरला बांधायची. दोन किलोमीटरच्या टप्प्यात एवढं पाळलं तर वर्षातले बरेच महिने अडचण येत नाही. माळव्याची संध्याकाळ तर सायकलसाठीच आहे.

मे महिन्याची दुपार मात्र टाळावीच. आणि श्रावणातल्या मुसळधार दिवशी सायकल घरी ठेवून रिक्षा करावी. या जोडीत तेवढी लवचीकता आहे. पावसाने संध्याकाळी गाठलं तर सायकल स्टँडवर राहू द्यायची, दुसऱ्या दिवशी घ्यायची. पूर्ण अंतर सायकलने जाणाऱ्याला ही सोय नसते.

रस्त्यावर जीव धोक्यात घालायचा का?

इथे मी कोणाला खोटा धीर देणार नाही. आपल्या मोठ्या रस्त्यांवर सायकल चालवणं आज धोक्याचं आहे. चौराह्यावर डावीकडे वळणारी गाडी सायकलवाल्याला कापते, आणि मॅजिक प्रवासी दिसला की इशारा न देता डाव्या कडेला घुसते. या दोन जागा विशेष सांभाळायच्या.

जोडप्रवासाचा फायदा असा की मोठ्या रस्त्यावर लांब अंतर सायकलने कापायचंच नसतं. ते बस कापते. सायकल चालवायची ती कॉलनीच्या आतल्या रस्त्यांनी. सुदामा नगरातून निघणाऱ्याने अन्नपूर्णा रोडवर शेवटीच यावं, तोवर आतल्या गल्ल्यांनी जावं. थोडं लांब पडलं तरी पडू द्यावं. महापालिकेलाही हे सोपं आहे. सगळ्या शहरात सायकल मार्गिका आखायला नकोत, प्रत्येक स्टेशनाभोवतीचे दोन किलोमीटर नीट केले, तिथे वेग कमी केला आणि वळणं अरुंद केली तरी पुष्कळ झालं.

सायकलवाले वाढले की प्रत्येकाचा धोका कमी होतो, असंही दिसून आलं आहे. कॅलिफोर्निया आणि युरोपातली आकडेवारी तपासणाऱ्या २००३ च्या एका अभ्यासात चालणारे वा सायकलवाले दुप्पट झाले की माणशी धोका सुमारे एक तृतीयांशाने उतरलेला आढळला. चालकांच्या नजरेला सायकल सवयीची होते. पण हे कारण दाखवून रस्ते तसेच ठेवणं बरोबर नाही.

एवढ्या खटपटीपेक्षा स्कूटी काय वाईट?

काही जणांसाठी स्कूटीच बरी आहे. दिवसभर फिरतीचं काम, वाटेत मुलाला शाळेत सोडायचं, रात्री उशिरा परतायचं, अशांना हा सल्ला नाही. ऑफिस चार किलोमीटरवर असेल तर बसचीही गरज नाही, सायकलनेच जावं. जोडप्रवास खरा उपयोगी पडतो तो सात-आठ ते वीस किलोमीटरच्या ठरावीक वेळेच्या नोकरीला. रोजचे जाऊन-येऊन २४ किलोमीटर धरले तर महिन्याच्या २५ दिवसांत ६०० किलोमीटर होतात, म्हणजे स्कूटीला तेरा-चौदा लिटर पेट्रोल. देखभाल आणि पार्किंग वेगळं.

"लोक काय म्हणतील" हेही एक कारण असतं, बोलून न दाखवलेलं. या शहरात मिलचा भोंगा झाला की हुकुमचंद मिल आणि मालवा मिलच्या रस्त्यांवर सायकलींच्या रांगा लागत. आजही सांवेर रोडच्या कारखान्यांत, सोसायट्यांच्या फाटकावर, घरकामाला येणाऱ्या कितीतरी जणांकडे सायकलच असते. त्यांना स्टँड नाही, दिवा नाही, डावी कडा मोकळी नाही. स्टेशनावर जे काही उभं राहील ते आधी त्यांच्या उपयोगाला येईल, आणि मला ते हवं आहे.

करून बघायचं असेल तर

रविवारी सकाळी रस्ता रिकामा असताना घरापासून जवळच्या तीन स्टॉपांपर्यंत सायकलने जाऊन या. सगळ्यात जवळचा निवडू नका. जिथून तुमच्या ऑफिसची थेट गाडी मिळते तो निवडा. तिथे सायकल लावायला खांब किंवा रखवालदार आहे का, ते पाहा. नसेल तर शेजारच्या दुकानदाराला विचारा, महिन्याला थोडे पैसे घेऊन बरेच जण होकार देतात. नंतर नगरसेवकाला अर्ज द्या आणि त्यात 'सायकल मार्ग हवा' असं मोघम लिहू नका. कोणत्या स्टॉपवर, दारापासून किती पावलांवर, किती उलटे 'यू' आणि वर किती फूट पत्रा हवा, ते लिहा. जाड साखळी आणि कुलूप मात्र आधीच घेऊन ठेवा.